प्रवाळांना 'क' जीवनसत्त्व: चमचा हे माप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावर आलेला लेख मी दोनदा वाचला. या छंदावर मराठीत इतक्या आस्थेने कुणी लिहीत नाही, त्यामुळे लेखकाचे आभार आधीच मानून टाकते. पण शेवटच्या चौकटीतल्या एका वाक्याशी मी अडखळले, ती अजून तिथेच आहे. प्रवाळ मलूल दिसू लागले तर टाकीत रोज चमचाभर 'क' जीवनसत्त्वाची पावडर घालावी, ते पुन्हा टवटवीत होतात, असं त्यात म्हटलं आहे.

किती लिटरच्या टाकीत? कोणता चमचा? सपाट की शीग लावून? पावडर नुसत्या ॲस्कॉर्बिक आम्लाची, म्हणजे मूळ 'क' जीवनसत्त्वाची, की त्याच्या सौम्य क्षाराची, सोडियम ॲस्कॉर्बेटची? आणि प्रवाळ मलूल कशाने झाले, हे आधी कुणी पाहायचं?

मी एकतीस वर्षं एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं. मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम लिहिलेली चिठ्ठी वरच्या मजल्यावर परत पाठवणं आणि त्याबद्दल बोलणी खाणं, हे माझं रोजचंच. तेव्हा 'चमचाभर' वाचून माझ्या कपाळाला आठी पडली, तर नवल नाही. पण हे पत्र मी केवळ त्या सवयीने लिहीत नाही. हा चमचा मी स्वतः घातला होता. जी बाई रुग्णालयात अर्धी गोळी तोडायची तरी डॉक्टरांना विचारायची, ती घरी येऊन टाकीत अंदाजपंचे पावडर ओतत होती. ती हकीकत सांगते, मग आपणच ठरवा.

माझी टाकी १८० लिटरची आहे. खडक आणि वाळू वजा जाता पाणी १५० लिटर भरतं. सहा वर्षांपूर्वी तिच्यात झोअँथिड्सची, म्हणजे खडकावर गुच्छाने वाढणाऱ्या फुलासारख्या प्रवाळांची, एक तळहाताएवढी वसाहत होती: नारिंगी तबकडी, भोवती हिरव्या तंतूंची झालर. दिवा लागला की अर्ध्या तासात सगळी पॉलिप्स (वसाहतीतले एकेक जीव) उमलायची. एके दिवशी मधली पाच-सहा मिटलेलीच राहिली. आठवड्याने निम्मी. मिटलेलं झोअँथिड म्हणजे नुसतं करड्या रंगाचं बटण, त्यामुळे खडकाला बटणं टाचल्यासारखं दिसायला लागलं. कुणीतरी 'क' जीवनसत्त्व सुचवलं. घरात पावडर होती, चमचा होता. तीन दिवस रोज संध्याकाळी शीग लावून एक चमचा घातला.

तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला ठिबकण्याच्या आवाजाने जाग आली. स्किमरचा, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून वर काढणाऱ्या यंत्राचा, पेला फेसाने भरून वाहत होता आणि पाणी जमिनीवर येत होतं. विजेरी लावली तर टाकीतलं पाणी दुधाळ, पलीकडची काच दिसेना. दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. झोअँथिड्स सोडाच, खडकामागची कोळंबीसुद्धा वर चढून बसली होती. पहाटेपर्यंत मी मगने पाणी उचलून उंचावरून परत ओतत बसले, दिवाळखोर सावकाराने रात्रभर जुनी खाती उलटावीत तशी. उजाडल्यावर वेगळं कालवून ठेवलेलं ३० लिटर पाणी बदललं. मासे वाचले. कोळंबी गेली.

सकाळी डोकं ताळ्यावर आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसले. जे तीन दिवसांपूर्वी करायचं होतं ते. आधी चमचा तोलला. एकाच चमच्याने तीनदा शीग लावून पावडर घेतली, तर काटा ६.४, ७.१ आणि ७.९ ग्रॅम दाखवतो! सपाट भरला तर साडेचार. म्हणजे चमच्यात नुसत्या हाताच्या वळणाने जवळपास दुपटीचा फरक पडतो. सात ग्रॅम धरू.

सात ग्रॅम १५० लिटरमध्ये म्हणजे लिटरला ४७ मिलिग्रॅम. मत्स्यालयवाले सुरुवातीला लिटरला ५ मिलिग्रॅम घालतात, आणि तेही सावध असतील तर दोन भागांत. मी नऊपट घालत होते. हे झालं पहिलं. दुसरं, हे आम्ल आहे. तेवढ्याने पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) एका फटक्यात पाऊण डीकेएचने खाली येते आणि पीएच त्याच्यामागे घसरतो. त्या पहाटे माझ्याकडे तो ७.७ होता, एरवी ८.१ ते ८.२ असतो. जिवाणूंनी ते आम्ल खाऊन संपवलं की अल्कलिनिटी परत भरून येते हे खरं, पण मधल्या काळात प्रवाळाने काय करायचं?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच लोकांच्या लक्षात येत नाही. ॲस्कॉर्बिक आम्लाचं सूत्र सी६एच८ओ६. वजनाने त्यातला चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त भाग कार्बन. टाकीतल्या जिवाणूंना ते जीवनसत्त्व वगैरे वाटत नाही, त्यांच्या दृष्टीने ते आयतं पान वाढलेलं आहे. सात ग्रॅममध्ये साधारण २.९ ग्रॅम कार्बन येतो. तेवढाच कार्बन पाच टक्क्यांच्या व्हिनेगरमधून द्यायचा तर १४० मिलिलिटरच्या वर ओतावं लागेल. माशांच्या मळातून पाण्यात साठणारं नायट्रेट उतरवण्यासाठी (कार्बनवर वाढणारे जिवाणू ते ओढून घेतात) जे लोक टाकीत व्हिनेगर घालतात ते चार-दोन मिलिलिटरपासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने वाढवतात. त्यांना सांगून पाहा, पहिल्याच दिवशी दीडशे मिलिलिटर ओता म्हणून. हात जोडतील.

आणि जिवाणू खातात तेव्हा श्वासही घेतात. सात ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल पूर्ण जाळायला ६.४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. सव्वीस अंशाच्या खाऱ्या पाण्यात लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे माझ्या सबंध टाकीत कोणत्याही क्षणी जेमतेम एक ग्रॅम. सगळं काही एका रात्रीत जळत नाही, थोडा कार्बन जिवाणूंच्या अंगी लागतो, हवेतून ऑक्सिजन येतही राहतो. पण दिवे मालवल्यावर प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि पहाटेच्या आधी टाकीत ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. माझे मासे नेमके त्याच वेळी धापा टाकत होते. हे गणित पाचवीच्या मुलाला जमेल असं आहे, मला जमायला तीन दिवस लागले.

आता गंमत ऐका. झोअँथिड्सना झालं काय होतं? पुढच्या आठवड्यात माझ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे क्षारता (पाण्याचा खारेपणा) मोजणाऱ्या उपकरणाच्या, काचेवर दर हजारी ३५ क्षारतेचं प्रमाण द्रावण टाकून पाहिलं. रेषा ३९ वर. वर्षभर मी तो नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर लावत होते आणि निर्धास्त होते. उपकरण शून्यावर बरोबर असून वरच्या अंगाला खोटं बोलू शकतं, हे माझ्यासारखीला सांगायला नको होतं. टाकीची खरी क्षारता ३१ च्या आसपास होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे. बाष्पीभवनाची भरपाई एरवी गोड्या पाण्याने करतात. ती मी दहा-बारा दिवस खाऱ्या पाण्याने केली, हळूहळू ३५ वर आणली. तीन आठवड्यांत बटणांची पुन्हा फुलं झाली. चिमूटभरही जीवनसत्त्व न घालता.

म्हणून मलूल प्रवाळ दिसला की माझा पहिला सल्ला पावडरीचा नसतो. क्षारता तपासा, आणि ज्याने तपासता त्यालाही तपासा. हीटर चिकटून राहिलाय का, तापमान रात्री-दिवसा किती हलतंय ते पाहा. अल्कलिनिटी दर दोन दिवसांनी मोजा. आकडा ८ असो की ९, तो टिकून आहे ना हे महत्त्वाचं. एखादा चुंबक किंवा पंपाचा स्क्रू गंजलाय का ते हात घालून बघा. नवा दिवा बसवलाय का? रात्री विजेरी घेऊन वसाहतीवर कुणी चरतंय का, तेही एकदा पाहावं. झोअँथिड्स खाणाऱ्या न्यूडिब्रँकचा, म्हणजे बिनशिंपल्याच्या समुद्री गोगलगायीचा, रंग तिच्याच खाद्यासारखा होतो, दिवसा सापडत नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर मी 'क' जीवनसत्त्वाची वैरीण आहे असं वाटेल. तसं नाही. या पदार्थाचा इतिहास माझा लाडका आहे. हंगेरीचे जीवरसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी तो वेगळा काढला तेव्हा हा काय प्रकार आहे हे त्यांनाच नक्की ठाऊक नव्हतं. साखरेच्या जातीचं काहीतरी आहे एवढं कळत होतं, म्हणून त्यांनी अज्ञानाचा 'इग्नो' आणि साखरेचा 'ओज' जोडून 'इग्नोज' असं नाव पाठवलं. नियतकालिकाच्या संपादकांना थट्टा पसंत पडली नाही. मग त्यांनी सुचवलं 'गॉडनोज', देव जाणे! तेही नामंजूर. शेवटी १९२८ साली निबंध छापून आला तो 'हेक्झुरॉनिक आम्ल' या निरुपद्रवी नावाने, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. संपादक मंडळी कधीकधी अगदी नको तिथे काटेकोर असतात. आपल्या चौकटीच्या बाबतीत तो काटेकोरपणा थोडा उसना घ्यायला हवा होता, एवढंच म्हणते.

प्रवाळांच्या बाबतीत या पदार्थाला काहीच आधार नाही असंही नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवाळं पाणी तापलं की बिथरतात आणि ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार करू लागतात. प्रवाळ त्यांना बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. सागरी जीवशास्त्रज्ञ मायकेल लेसर यांनी १९९७ साली तापमानाच्या ताणाखाली बाहेरून ॲस्कॉर्बिक आम्ल आणि कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं विकर) देऊन पाहिलं, तेव्हा या शैवाळांचं प्रकाशसंश्लेषण सुधारलं. मोलाचं काम आहे ते. पण त्यात ताण उष्णतेचा होता आणि तो नेमका ठाऊक होता. चुकीच्या क्षारतेवर, गंजलेल्या स्क्रूवर किंवा रात्री चरणाऱ्या गोगलगायीवर तो उतारा नव्हे. ऑक्सिडीकरणाचा ताण आहे म्हणून ऑक्सिडीकरणरोधक द्या, हे वाक्य कानाला गोड लागतं. औषध विभागात असली गोड वाक्यं घेऊन रोज प्रतिनिधी यायचे.

माशांचं मात्र निराळं. बहुतेक हाडांचे मासे हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाहीत आणि ते कमी पडलं तर त्यांचा कणा वाकडा होतो. त्यांना ते खाद्यातून द्यावं, यात कुणाचंच दुमत नाही.

चार वर्षांपूर्वी मी एक घरगुती प्रयोग केला. त्याच वसाहतीचे आठ तुकडे काढले, चार एका छोट्या टाकीत, चार दुसऱ्या. दोन्हींत पंचवीस-पंचवीस लिटर पाणी, एकाच मोठ्या टाकीतून घेतलेलं, दिवा एका जातीचा. एकीत काही नाही. दुसरीत सोडियम ॲस्कॉर्बेट, पहिला आठवडा रोज लिटरला ५ मिलिग्रॅम, पुढे साडेसात. सहा आठवडे. जीवनसत्त्वाच्या टाकीतले तुकडे लवकर उमलले, कापलेली कड लवकर बुजली, हे मी वहीत लिहून ठेवलंय. पण त्याच वहीत पलीकडच्या रकान्यात हेही आहे की त्या टाकीतलं नायट्रेट २० वरून ८ वर आलं आणि दुसरीतलं जागचं हललं नाही. मग पॉलिप्स जीवनसत्त्वाने फुलली की स्वच्छ पाण्याने? हे आठ तुकडे त्याचा निवाडा करू शकत नाहीत. नुसतं नायट्रेट उतरवायचं तर व्हिनेगरही चाललं असतं. माझा कल कुणी विचारलाच तर मी म्हणेन, निम्मं श्रेय जिवाणूंचं. हा कल आहे, निष्कर्ष नव्हे, आणि निष्कर्ष म्हणून मी तो कुठल्याही चौकटीत छापायला देणार नाही.

यातूनच आणखी एक धोका निघतो, तो लेखात आलेलाच नाही. ज्यांच्या टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट आधीच शून्याला टेकलेत त्यांनी हे घातलं, तर जिवाणू उरलंसुरलंही ओढून घेतील आणि प्रवाळ उपाशी राहून फिकट पडतील. माणूस म्हणेल, अजून मलूल दिसतायत, मात्रा वाढवा.

तरीही कुणाला करून पाहायचंच असेल, तर माझी पद्धत सांगते. चघळायच्या किंवा पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या चालणार नाहीत. त्यांत साखर, रंग, सायट्रिक आम्ल आणि बांधणीची द्रव्यं असतात. शुद्ध पावडर घ्यावी, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा. आम्लपणा मारायला ७.५ ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्लाला ३.६ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा, लागतो. उंच भांड्यात थोड्या शुद्ध पाण्यात थोडा थोडा मिसळावा. फेस वर येतो, निवतो, पुन्हा येतो, आणि शेवटी द्रावण नितळ होतं. मग पाणी घालून १५० मिलिलिटर करावं. एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम झालं. माझ्या १५० लिटरला रोजचे ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर द्यायचे तर दिवसाला एकूण पंधरा मिलिलिटर, साडेसात मिलिलिटर सकाळी आणि साडेसात मिलिलिटर संध्याकाळी, पंपाच्या झोताशी. खाऱ्या पाण्यात हे जीवनसत्त्व तासातासाने नासत जातं, म्हणून दोन भाग. आठवडाभर मात्रेला हात लावायचा नाही. पाणी धुरकट वाटलं किंवा स्किमर पिसाळला, तर थांबायचं.

बाटली गडद काचेची, शीतकपाटात. द्रावण पिवळं पडू लागलं की ओतून द्यायचं, तो रंग जीवनसत्त्व मेल्याचा आहे. मी एक जुनी युक्ती वापरते. बशीत द्रावणाचे चार-पाच थेंब घेऊन त्यात जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब सोडते. ताजं असेल तर तपकिरी रंग डोळ्यांदेखत विरतो, जणू कुणी पुसला. शिळं असेल तर तपकिरी डाग तसाच बसून राहतो. हेच दुसऱ्या बाजूने पाहा: झोअँथिड्सना आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढायचं आणि त्याच भांड्यात 'क' जीवनसत्त्वही घालायचं, असं दुहेरी औषध करणारे मी पाहिलेत. दोघं एकमेकांना तिथल्या तिथे संपवतात.

पत्र फार लांबलं याची जाणीव आहे. कात्री लावायची तर माझ्या आठवणींना लावा, आकड्यांना लावू नका. पुढच्या रविवारी चौकटीच्या जागी एवढी दुरुस्ती छापलीत तरी पुरे: "मागील अंकात 'चमचाभर' असे छापले गेले. 'क' जीवनसत्त्व घालायचे झाल्यास आधी क्षारता, तापमान, अल्कलिनिटी आणि नायट्रेट तपासावे. टाकीतील प्रत्यक्ष पाण्याच्या दर लिटरला ५ मिलिग्रॅमहून अधिक मात्रेने सुरुवात करू नये, पावडर तोलून घ्यावी, आणि रात्री पाण्याची हालचाल चालू ठेवावी."

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
निवृत्त औषधनिर्माती

ता. क. सोडा मिसळल्यावर फेस पूर्ण निवेपर्यंत बाटलीचं बूच घट्ट लावू नये, हे लिहायचं राहिलं. वर सांगितलेल्या मापातून लिटरभर तरी वायू निघतो. माझ्या शीतकपाटाच्या वरच्या कप्प्यावर काचेचा ओरखडा आहे, तो पहिल्या बाटलीचा.